घरटी एक माणूस

आमच्याकडे मांडवाच्या कामाला नावं सांगून माणसं बोलावत नसत, घरं सांगून बोलावत. सासऱ्यांच्या वेळेपासूनची रीत. कर्जतहून भिवपुरीकडे जाताना आत एक गाव लागतं, तिथली काही घरं आमची ठरलेली. लग्नसराई सुरू झाली की हे, म्हणजे आमचे यजमान, मोटरसायकल काढून तिकडे जायचे, देवळापाशी थांबायचे आणि ओरडायचे, "उद्या शेलूला मांडव हाय, घरटी एक माणूस!" झालं काम. सकाळी टेंपो गेला की प्रत्येक घरातून एकजण रस्त्याला उभा. कधी बाप, कधी मुलगा, कधी भाऊ, एखादवेळी सासुरवाडीला आलेला जावईसुद्धा. हजेरी घेताना हे घरातल्या कर्त्याचं नाव पुकारायचे आणि जो कोणी आला असेल तो "हाय" म्हणायचा. मजुरी त्या घरात जायची. आज कोण आलाय हे विचारायची पद्धतच नव्हती. विचारलं असतं तर लोकांना राग आला असता. घरानं शब्द दिलाय ना? मग माणूस कशाला तपासायचा?

मी या घरात आले तेव्हा बी.कॉम. होते आणि तोंडानं तिखट होते. दोन्ही अजून आहे. धंद्याचे कागद पहिल्यांदा माझ्या हातात आले तेव्हा मी डोक्यालाच हात लावला. दुकानाचा परवाना सासऱ्यांच्या नावावर, आणि सासऱ्यांना जाऊन किती वर्षं झालेली! गोडाऊनचा विमा जुन्या जागेचा. जुनी जागा सोडून आम्ही नवीन पत्र्याच्या शेडमध्ये आलो, तरी हप्ता आपला जुन्या पत्त्यावर चाललाय. म्हणजे आग लागलीच तर ती जुन्या जागी जाऊन लागायला हवी होती. हे ऐकून हे हसले. मी हसले नाही. म्हटलं, "अहो, कनाती, गाद्या, खुर्च्या, ताटं, सगळं आयुष्य त्या शेडमध्ये पडलंय आणि तुम्ही हसताय काय?" दुसऱ्या दिवशी मीच कागदांची पिशवी उचलली आणि चाचांकडे गेले.

चाचा म्हणजे आमचे विमावाले. कोकणी मुसलमान, मूळ घराणं खाली समुद्राकडचं, पण आजोबांपासून कर्जतचेच. बाजारात एका जिन्याखाली त्यांचं टेबल. त्यांना घाई म्हणून कधी नसायची. समोर बसवायचे, चहा सांगायचे आणि मग शाळेतल्यासारखं समजावत बसायचे. "विम्यात तीन गोष्टी खऱ्या लागतात, वहिनी. नाव, जागा आणि काम. एक खोटी निघाली की उरलेल्या दोन खऱ्या असून उपयोग नाही." मी म्हणायचे, "चाचा, तुमचं प्रवचन झालं असेल तर सही कुठे करू ते सांगा." ते हसायचे आणि बोट ठेवून जागा दाखवायचे. परवाना यांच्या नावावर झाला, विमा नवीन शेडचा झाला. मला वाटलं, चला, आपण सुटलो.

पुढे इकडची लग्नं बदलली. गावातले, अंगणातले मांडव कमी झाले आणि मुंबईची लग्नं नदीकाठच्या रिसॉर्टांवर यायला लागली. पैसा चांगला, पण नखरे किती! गेटवर रखवालदार उभा. मजुरांची यादी आधी पाठवा, आधारची झेरॉक्स पाठवा, लेबरचा विमा दाखवा, मगच टेंपो आत. पहिल्यांदा आमचा टेंपो असाच तासभर बाहेर उन्हात थांबला. आतली फुलं सुकत होती आणि बाहेर मी. मी त्या मॅनेजरला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण घरी आल्यावर डोकं थंड झालं आणि पटलं, की माणूस बरोबर बोलतोय. आपली माणसं घोड्यावर चढतात. घोडा म्हणजे आमची दोन पायांची उंच शिडी, तिच्या टोकावर उभं राहून वरचं कापड बांधायचं. उद्या कोणी पडलं तर?

परत चाचांचा जिना. चाचा म्हणाले, "दोन तऱ्हा आहेत. एक नावाची यादी देऊन, एक नुसती माणसांची संख्या सांगून. तुमची माणसं दर वर्षी तीच असतात, का बदलतात?"

मी ठणकावून सांगितलं, "चाचा, पिढ्यान्‌पिढ्या तीच आहेत."

मी खोटं बोलले नव्हते. मी घरांबद्दल बोलत होते. चाचांनी माणसांबद्दल विचारलं होतं. आम्हा दोघांनाही त्यातला फरक कळला नाही. कळणार कसा? ज्या घरात एका ताटात दोघं जेवतात तिथे दोन माणसं वेगळी मोजायची असतात हे आमच्या डोक्यातच येत नाही.

"मग नावानंच करा," चाचा म्हणाले. "काही झालं तर पैसे सरळ बायकोच्या हातात. मधे कोणी नाही." हे मला फार आवडलं. मी स्वतः गावात गेले, प्रत्येक घरातल्या कर्त्याचं नाव घेतलं आणि वारस म्हणून त्याच्या बायकोचं. पुरुष लाजत होते. एक म्हातारा म्हणाला, "माज्या मरनाचं पैसं हिला? मंग ही मला जगू देल काय?" सगळे खो खो हसले. मी इतकी खूश होते त्या दिवशी! घरी येऊन यांना म्हटलं, "बघा, तुमच्या बापजाद्यांना जमलं नाही ते मी करून दाखवलं."

त्या गावात दोन भाऊ होते, त्यांचीच ही गोष्ट. त्यांच्या घरातून यादीत थोरल्याचं नाव होतं, कारण कर्ता तो. तो मुका नव्हता इतकंच. दिवसभरात चार शब्द बोलेल तर शपथ. पण त्यानं बांधलेली गाठ वादळातही सुटली नाही. धाकटा चौकला हायवेवरच्या गॅरेजात कामाला होता. त्याची सुट्टी असली आणि थोरल्याला काही काम निघालं तर आमच्याकडे तो यायचा. तो आला की मांडवात आवाजच आवाज. मी ओरडले की कान पकडून समोर उभा राहायचा. "वैनी, आदी चा द्या, मंग शिव्या द्या. उपाशीपोटी शिव्या पचत नाय मला." मला हसू आवरायचं नाही आणि माझा सगळा रागच वाया जायचा. त्याची बायको खालापूर बाजूची, अंगानं बारीक, बोलणं कमी. मुलगी नुकती भिंत धरून चालायला लागली होती. तो तिचे व्हिडिओ कामावर सगळ्यांना दाखवत फिरायचा. "बगा, बगा, पडली! परत उटली!"

मे महिना होता. नदीकाठच्या एका रिसॉर्टवर मोठं लग्न. त्या दिवशी वारा पडला होता, म्हणून थोरल्यानं राब भाजायला घेतला. आमच्या भागात भाताच्या रोपांसाठी जमीन पालापाचोळा घालून भाजून घेतात आणि ते वारा नसतानाच करावं लागतं, नाहीतर आग सगळीकडे पळते. घरटी एक माणूस तर द्यायचाच होता. गॅरेजला सुट्टी होती. धाकटा आला.

गेटवर रखवालदारानं यादी वाचली. थोरल्याचं नाव आलं, धाकटा "हाय" म्हणाला आणि त्याच्या गळ्यात पास पडला. मी तिथेच होते. नवरीकडच्यांचा फुलांच्या रंगावरून काही घोळ चालला होता म्हणून मी यांच्याबरोबर गेले होते. तो पास हातात धरून माझ्याकडे आला. "बगा वैनी, आज मी दादा झालो. आता माज्यावर वरडायचं नाय."

मी म्हटलं, "दादा, कामाला लागा."

त्याच्याशी माझं शेवटचं बोलणं हेच.

पडला कसा ते मी पाहिलं नाही. मी फुलवाल्याशी भांडत होते. खुर्च्या कोसळल्यासारखा आवाज आला आणि मग सगळे एकदम धावले. घोड्याचा एक पाय हिरवळीत रुतला आणि तो वरून खाली आला, हिरवळीच्या कडेला लावलेल्या दगडांवर. रक्त फारसं नव्हतं. त्यामुळे मला वाटलं वाचेल. यांनी त्याला गाडीत घेतलं, मी मागे बसून त्याचं डोकं धरलं. मी त्याला सारखी हाका मारत होते. त्यानं एकदा डोळे उघडले. ओळखलं की नाही, देव जाणे.

सरकारी दवाखान्यात कागद करणाऱ्यानं विचारलं, "नाव?" मला बोलता येत नव्हतं. हे डॉक्टरांमागे धावलेले. त्या माणसानं गळ्यातला पास उलटा करून वाचला आणि लिहून घेतलं. थोरल्याचं नाव, थोरल्याचं वय. संध्याकाळ व्हायच्या आत धाकटा गेला, आणि कागदावर थोरला.

खरं सांगते, तेव्हा ते माझ्या लक्षातही आलं नाही.

लक्षात आणून दिलं चाचांनी, आणि त्यांनाही माहीत नव्हतं आपण काय आणून देतोय. त्यांना कोणीतरी कळवलं म्हणून ते कर्जतहून तसेच आले. बाकावर बसले, कागद पाहिला, आपल्या पिशवीतली आमची यादी काढून पाहिली. माझ्याजवळ येऊन हळू म्हणाले, "वहिनी, माणूस तर गेला, त्याला कोण काय करणार. पण नाव यादीत आहे. वारस बायको आहे. घराला आधार होईल."

मी तोंड उघडलं, आणि माझ्या मागून थोरला म्हणाला, "हाय ना? मंग बरं."

तो केव्हा आला मला कळलंच नव्हतं. राबाच्या राखेनं हातपाय काळे, तसाच आला होता. चाचांनी त्याला कधी पाहिलेलं नव्हतं, म्हणाले, "तू कोण, बाबा?" थोरला म्हणाला, "त्याचा भाऊ." ते खरंच होतं. चाचा त्याच्या पाठीवर हात ठेवून निघून गेले. सकाळी पंचनाम्याच्या वेळी परत येतो म्हणाले.

मग थोरल्यानं आम्हा दोघांना बाजूला घेतलं, तिथल्या बदामाच्या झाडाखाली. आयुष्यात त्याला इतकं बोलताना मी ऐकलं नव्हतं.

"वैनी, कागद हाय तसा राहू द्या. मी गेलो आसंच लिवलेलं हाय. मीच गेलो."

"अरे, काय बोलतोयस तू?"

"घरातला मानूस गेला का नाय? मंग घराला मिळायला पायजे. तो माज्या नावावर आलेला. माज्या जागंवर चढला. मंग मरन बी माजंच होतं ना ते? त्यानं घेतलं. पैसं आलं की सगळं तिला आन् पोरीला देतो. देवळात हात ठेवतो."

मी म्हटलं, "आणि तू? तुझं काय? रेशन, मतदान, जमीन?"

"जमीन बापाच्याच नावावर हाय आजून. आन् मेलेल्याला रेशन कशाला लागतंय? मी निगून जातो कुटंतरी. पुन्याच्या बाजूला जातो. हात चांगलं हायत माजं."

"आणि धाकटा कुठे गेला म्हणून सांगणार?"

त्यानं हाताची राख झटकली. मग म्हणाला, "गेला कामाला. गेला कुटंतरी. पोरं जातात की."

यांनी माझ्याकडे पाहिलं. मी यांच्याकडे पाहिलं. खोटं कशाला बोलू, मी "नाही" म्हटलं नाही. मला त्या मुलीचा चेहरा दिसत होता, भिंत धरून उभी. आणि आमचं घरही दिसत होतं, तेही खरं. विमा नाही मिळाला तर त्या बाईला द्यायला आमच्याकडे काय होतं? मला त्या माणसाचा इतका राग आला, इतका राग आला, आणि त्याच वेळी त्याच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं. भावासाठी जीव देणारी माणसं ऐकली होती. भावासाठी स्वतःचं जिवंतपण देऊन टाकणारा माणूस माझ्यासमोर उभा होता, राखेनं भरलेला, आणि मला विचारत होता, "चालंल ना, वैनी?"

आम्ही काहीच बोललो नाही. तो ते होकार समजून घरी गेला.

सकाळी दवाखान्याच्या व्हरांड्यात बायका आल्या. थोरल्याची बायको पुढे. तिच्या कपाळावर टिकली नव्हती. काढली होती. नवरा पंधरा पावलांवर भिंतीला टेकून उभा, आणि ती त्याच्या नावानं रडत होती. नाटक नव्हतं हो ते. दिराला तिनं लहानाचा मोठा केला होता, रडायला तिला काही कमी नव्हतं. पण ती त्याला त्याच्या नावानं रडू शकत नव्हती. बाकीच्या बायका तिला धरून बसल्या होत्या. सगळं गाव आलं होतं आणि सगळ्या गावाला ठाऊक होतं, आणि त्यातला एकही माणूस तोंड उघडणार नव्हता. पैशासाठी नाही. घरासाठी.

आणि जिचा नवरा गेला ती मागे, खांबाशी बसलेली. हातात बांगड्या, कपाळाला टिकली, डोळे कोरडे. तिला सांगून ठेवलं होतं, तिथं तू रडायचं नाय, पोलिसांच्या ध्यानात येल. थोरल्याच्या बायकोनं मला नंतर सांगितलं, रात्रभर ती अशीच बसून होती. रडली म्हणून नाहीच. मी जाऊन तिच्याशेजारी बसले.

हवालदार आला. बिचारा सभ्य माणूस होता, आवाज खाली ठेवून बोलत होता. शेजारी चाचा यादी घेऊन उभे. हवालदारानं कागद वाचला. "मयताचं नाव." त्यानं थोरल्याचं नाव वाचलं. "बरोबर?"

थोरला म्हणाला, "बरोबर."

"तुम्ही कोण त्यांचे?"

"भाऊ."

"लहान का मोठे?"

थोरला म्हणाला, "धाकटा." आणि त्यानं धाकट्याचं नाव स्वतःचं म्हणून सांगितलं.

हवालदार लिहीत होता. लिहिता लिहिता त्यानं आपलं सहज विचारलं, "मग तुमची बायको कुठाय? ती आली नाही का?"

कोणीतरी खांबाकडे बोट दाखवलं.

मी तिच्या शेजारीच होते. तिचं अंग एकदम ताठ झालं, मला कळलं. ती उठली. मला वाटलं, बाहेर जातेय. ती सरळ हवालदारापुढे जाऊन उभी राहिली.

"नाव चुकलंय," ती म्हणाली.

थोरला म्हणाला, "ए, गप गं." हळू म्हणाला, विनवल्यासारखं. "पोरीसाटी गप."

"पोरीसाटीच बोलते." ती त्याच्याकडे वळली, डोक्यावरचा पदर सावरून. मोठ्या दिराशी ती कधी वर मान करून बोलली नसेल. "दादा, तुमचं उपकार मी फेडू नाय शकनार. पन उद्या माजी पोर विचारंल, बाप कुटं हाय? मी काय सांगू? निगून गेला? आमाला टाकून गेला? आसं त्यानं केलं नाय ना. तो कामाला गेला आन् मेला. त्यानं कुनाला टाकलं नाय."

चाचांनी यादीची घडी केली आणि पिशवीत ठेवली. त्यांना कळलं होतं. हवालदार पेन वर धरून उभा राहिला. मग म्हणाला, "बाई, मग मयताचं खरं नाव काय?"

त्यांच्या घरात बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच, तेही सगळ्यांनी अडवून धरलं म्हणून. मी शिकलेली बाई, माझंसुद्धा इतकी वर्षं "अहो"वरच भागतंय. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, मी सांगावं म्हणून पाहतेय. मी सांगणार होते. तेवढ्यात तिनंच सांगितलं. नवऱ्याचं नाव, सासऱ्याचं नाव, आडनाव. कशातही न गुंफता, सरळ.

पुढचं इथेच सांगून टाकते, कारण मला तिथं परत यायचंय. विमा मिळाला नाही. यादीत नाव नव्हतं, कंपनीनं ते कळवलं, आणि त्यात कंपनीचं काही चुकलं असं मला म्हणता येत नाही. मी चाचांवर जाऊन ओरडले, रडले. त्यांनी ऐकून घेतलं आणि मग एक गोष्ट सांगितली, जी मला आधी कोणी सांगितली नव्हती. विमा वेगळा आणि कायदा वेगळा. माणूस कामावर असताना गेला तर भरपाई मालकानं द्यायची असते. विमा असो नसो, यादीत नाव असो नसो. विमा म्हणजे फक्त मालकाच्या पाठीशी उभं राहणारं कोणीतरी. ते नसेल तर मालक एकटा. आम्ही एकटे होतो. नवा टेंपो विकला, मोठा शामियाना विकला, आणि कामगार कार्यालयात तिच्या आणि मुलीच्या नावानं रक्कम भरली. थोरल्याच्या नावानं मृत्यू नोंदला गेला असता तर हेही तिला मिळालं नसतं. कागदावर तिचा नवरा जिवंत असता. पण त्या सकाळी हे तिला कुठे ठाऊक होतं? मलाही नव्हतं. तिला इतकंच ठाऊक होतं, की आपण तोंड उघडलं की सगळं जाणार.

आता आम्ही नावांचा विमा घेत नाही, माणसांच्या संख्येवर घेतो, आणि सकाळी येईल त्याचं स्वतःचं नाव विचारतो. मांडववाले, केटरिंगवाले, फुलवाले, ज्याला त्याला मी हे बजावत असते. ऐकतात, मान हलवतात आणि म्हणतात, "वहिनी, आमची माणसं वर्षानुवर्षं तीच आहेत हो." तेव्हा माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होतो. थोरला बरेच महिने भावजयीशी बोलला नाही. मग बोलायला लागला. ती आता खालापूरला आईकडे असते, एका कंपनीच्या कँटीनमध्ये जाते.

तर त्या सकाळी. हवालदारानं जुनं नाव खोडलं. वर नवीन लिहिलं. त्याला आडनाव नीट कळलं नव्हतं, म्हणून त्यानं परत विचारलं. तिनं परत सांगितलं, पहिल्यापासून, सगळं. त्यानं लिहिलेलं वाचून दाखवलं आणि विचारलं, "आणि तुम्ही त्यांच्या कोण?"

"बायको."

"सही येते?"

ती म्हणाली, येते. सही केली, अक्षर अक्षर जोडून. पेन परत दिलं. मग माझ्याकडे वळली आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "वैनी, आता रडलं तर चालंल?"

मोठी जाऊ उठली, तिनं धाकटीला जवळ ओढलं. तेव्हा ती रडली. जमिनीवर बसून, तोंडाला पदर न लावता, त्याच्या नावानं हाका मारत.